खोडरबर लावलेली वही



गेल्या आठवड्यात मंदिरात प्रवचन सुटल्यावर चपला शोधायच्या गडबडीत एका ओळखीच्या बाईंनी मला फोनवर फोटो दाखवला. त्यांच्या नातवाची गणिताची वही. आमच्या नातीसारखाच तोही शाळेत जात नाही, घरी शिकतो. पानाला रंगीत चौकट, कोपऱ्यात चिकटवलेलं फुलपाखरू, वर सुरेख अक्षरात ‘माझी गणित डायरी’, खाली पाच उदाहरणं. पाचही बरोबर, एकही खाडाखोड नाही. “बघा, किती नीटनेटकं करतो!” मी “छान” म्हणाले. रिक्षात बसल्यावर मला स्वतःचाच राग आला, कारण ते छान नव्हतं. आठ वर्षांच्या मुलाचं अक्षर कुठलं आणि पस्तिशीतल्या आईचं कुठलं, एवढं मला कळतं. आणि आठ वर्षांचा मुलगा पाच गणितं करताना एकदाही अडखळला नाही, हे तर कुठलीच आजी मान्य करणार नाही.

तेव्हा जे तोंडावर बोलले नाही ते इथे लिहिते. त्या बाईंवर राग नाही. वर्षापूर्वी मीही तेच केलं आहे, आणि ते पुढे सांगणारच आहे.

आधी गणिताची डायरी म्हणजे काय ते थोडक्यात, कारण दोघी-तिघींनी विचारलं होतं. उदाहरणं सोडवायची वही वेगळी आणि ही वेगळी. या वहीत मूल रोज एखादाच प्रश्न घेतं आणि तो कसा सोडवला ते आपल्या शब्दांत लिहितं, चित्र काढतं, कुठे अडलं ते सांगतं. उत्तराला इथे फारसं महत्त्व नाही. डोक्यात काय चाललं होतं, ते कागदावर उतरवायचं. परदेशात आणि आपल्याकडेही घरी शिकवणाऱ्या घरांमध्ये ही पद्धत आता बरीच दिसते. पद्धत चांगली आहे. पण आपण बायकांनी तिचं जे करून ठेवलं आहे ते चांगलं नाही.

मी बी.कॉम. केलं तेव्हा पहिल्या वर्षी रोजकीर्द शिकवायचे. इंग्रजीत तिलाच जर्नल म्हणतात, हे आपल्यापैकी कॉमर्सवाल्यांना आठवत असेल. व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत नोंद, मग तिथून खतावणी, मग तेरीज. नोंदीखाली कंसात एक ओळ लिहावी लागायची, ‘रोखीने माल खरेदी केला’, ‘दुकानाचं भाडं दिलं’. ती स्पष्टीकरणाची ओळ राहिली की आमचे सर गुण कापायचे. मला तेव्हा फार राग यायचा. आकडे बरोबर, नावे-जमा बरोबर, मग ओळीचं एवढं काय? लग्न होऊन दुकानदाराच्या घरात आले तेव्हा कळलं. तीन वर्षांपूर्वीची नोंद उघडून बसलं की आकडा काहीच बोलत नाही, बोलते ती खालची ओळ.

दुसरा नियम तर आपल्या घराघरांत सगळ्यांना पाठ. हिशेबाच्या वहीत खोडायचं नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि दुरुस्तीची वेगळी नोंद घालायची. माझे सासरे म्हणायचे, वही घाणेरडी असली तरी चालेल, पण रबर लावलेली वही बघितली की गिऱ्हाईकसुद्धा उठून जातं. आता सरकारनेही तेच केलं आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग, ज्याला ऑडिट ट्रेल म्हणतात, तो ठेवणं सक्तीचं झालं, आणि तो बंद करता येऊ नये असाही नियम आहे. कुणी, कधी, काय बदललं, ते दिसलंच पाहिजे.

म्हणजे दिवाळीला ज्या वहीची आपण पूजा करतो तिच्यात खोडायचं नाही, आणि ज्या वहीत आपलं मूल विचार करायला शिकतं तिच्यात मात्र रबराने घासून घासून कागद फाटेपर्यंत खोडायचं! याला काय म्हणायचं?

असं का होतं तेही मला ठाऊक आहे. घरी शिकवणाऱ्या आईला प्रगतिपुस्तक मिळत नाही. शाळेतल्या मुलाच्या आईला कुणी विचारलं, “काय म्हणतो अभ्यास?”, तर ती गुण सांगून मोकळी होते. आमच्या सूनबाईंना लग्नकार्यात प्रत्येक मावशी, आत्या, चुलतसासू विचारते, “मग हिला येतं का काही?” राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा आहे, पुढे आठवीची आहे, पण नऊ वर्षांच्या पोरीच्या बाबतीत आज काय दाखवणार? मग ती आई वहीचंच प्रगतिपुस्तक करते. पाहुणे आले की वही पुढे. आणि जी वही पाहुण्यांसाठी लिहिली जाते तिच्यात चूक कशी राहील? सोफ्यावरची उशी सरळ करावी तशी आपण पोराची चूक सरळ करून ठेवतो. त्यात बाजारात तयार छापील गणित डायऱ्या आल्या आहेत. रोजचा प्रश्न छापलेला, उत्तराला रिकामी चौकट, वर हसरा चेहरा. चौकट तीन ओळींची, म्हणून पोरीचा विचारही तीन ओळींचा. पैसे घालवू नका. चौकटी आखलेली शंभर पानी साधी वही पुरते.

आता माझी गोष्ट.

नातीला घरी शिकवायचं ठरलं तेव्हा मुलाच्या नोकरीमुळे तिची तिसरी शाळा चालू होती. ठरवलं सूनबाईंनी, मी विरोधातच होते. पण दुपारचा गणिताचा पाऊण तास माझ्याकडे आला. चातुर्मास चालू होता. ती माझ्याजवळ सामायिकाला बसायची, म्हणजे बसायची आणि उठायची. एकदा तिने विचारलं, “आजी, अठ्ठेचाळीस मिनिटंच का? पाऊण तास का नाही?” मी सांगितलं, एक मुहूर्त अठ्ठेचाळीस मिनिटांचा आणि अहोरात्रीत तीस मुहूर्त. मग मलाच सुचलं आणि म्हटलं, काढ बघू, तीस मुहूर्तांची मिनिटं किती? वहीत लिही.

तिने जे लिहिलं ते असं : ‘४८ म्हणजे जवळजवळ ५०. ५० तीस वेळा १५००. मी २ जास्त घेतले होते ते परत दिले. १४९८.’

मी काय करावं? वाचलं, “अगं, चुकलं” म्हटलं, रबर घेतलं, शेवटची ओळ खोडली आणि माझ्या अक्षरात १४४० लिहिलं. बाजूला ‘छान प्रयत्न’ हेही लिहिलं, कारण तसं लिहायचं असतं असं कुठेतरी वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने वहीत फक्त उत्तर लिहिलं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी पेन्सिल हातात धरून मला विचारलं, “आजी, आधी तोंडी सांगते. बरोबर असेल तरच लिहिते, चालेल?”

मला ते समजूतदारपणाचं लक्षण वाटलं! सूनबाईंनी रात्री भांडी आवरताना हळूच म्हटलं, “आई, तिने काय विचार केला होता ते आता कुणालाच कळणार नाही.” बोलण्यात आवाज चढवला नाही, पण मला रात्री झोप नाही. खरंच आहे ते. १४९८ या आकड्यात त्या पोरीची केवढी हुशारी होती! ४८ ला ५० धरून मोठा गुणाकार सोपा करायचा हे तिला मी शिकवलं नव्हतं. जास्तीचं परत द्यायचं हा प्रामाणिकपणाही तिचाच. फक्त एका जागी घसरली. दोन एकदाच परत दिले, तीस वेळा द्यायला हवे होते. ती घसरलेली जागा हीच त्या पानावरची मोलाची गोष्ट होती, आणि मी नेमकी तीच पुसली.

सकाळी मी वही घेतली. कागदावर पेन्सिलचा ठसा राहिला होता. त्याच पानाखाली तारीख घालून लिहिलं : ‘या पानावर आजीने खोडलं. विचारल्याशिवाय खोडायला नको होतं. इथे आधी १४९८ होतं.’ आणि सही केली. नातीने ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाली, “आजी, तू पण वहीत लिहितेस?” मग तिने तीस छोट्या चौकटी काढायला घेतल्या, प्रत्येकीत ५० लिहायचे आणि त्यातून दोन काढायचे. पाचव्या चौकटीशी थांबली. “अगं, प्रत्येकातून दोन!” पुढच्या पंचवीस चौकटी तिने काढल्याच नाहीत. खाली तिचं स्पष्टीकरण आहे : ‘मी २ एकदाच दिले. तीस मुहूर्तांना द्यायचे होते. ६० द्यायचे. १४४०.’ शेजारी, मी न सांगता, चोवीस तासांना साठने गुणून ताळाही घेतला आहे. पण यापूर्वीचे ते दिवस, ‘बरोबर असेल तरच लिहिते’ असं म्हणणारे, ते काही परत मिळाले नाहीत. ती सवय पूर्ण जायला दिवाळी उजाडली. एका ओळीच्या खाडाखोडीची ही किंमत.

मैत्रिणींनो, आपल्याला हे बाहेरून शिकायची गरज का पडावी? आलोचना म्हणजे काय, हे आपण लहानपणापासून ऐकतो. दोष जसा घडला तसा सांगायचा, कमी नाही, जास्त नाही. शिवार्यांच्या भगवती आराधनेत आलोचनेचेसुद्धा दहा दोष सांगितले आहेत. त्यांतला एक ‘दृष्ट’, म्हणजे जो दोष दुसऱ्याने पाहिला तेवढाच कबूल करायचा, न पाहिलेला दडवायचा. ‘बरोबर असेल तरच लिहिते’ म्हणणारी पोर नेमकी तिथेच चालली होती. तिला त्या वाटेला मी लावलं होतं, आणि वर रोज संध्याकाळी तिच्याकडून आलोचना पाठ म्हणून घेत होते. दशलक्षणात उत्तम आर्जवाच्या दिवशी आपण ऐकतो की मनात, बोलण्यात आणि करण्यात एकच असावं. मनात १४९८ आणि वहीत १४४० हे आर्जव नव्हे. आपण ज्याला नीटनेटकेपणा म्हणतो तो पुष्कळदा लहान मुलाला शिकवलेला पहिला खोटेपणा असतो. शब्द कडक वाटेल, पण मला दुसरा सापडत नाही.

यावर मला जे ऐकावं लागलं त्याची उत्तरं देऊन टाकते.

एक, “आमच्या वेळी तीसपर्यंत पाढे, पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी पाठ होती. असल्या डायऱ्या नव्हत्या. आमचं काय बिघडलं?” पाढे पाठ हवेतच. आमची नात सकाळी देवपूजेआधी पाढे म्हणते आणि त्यात मी सूट देत नाही. पण ज्यांना अडीचकी पाठ होती त्यांतल्या किती जणींना विचारलं की अडीच सत्ते साडेसतरा का, तर सांगता येईल? मला स्वतःला साठीनंतर, नातीला सांगताना कळलं की सात दुणे चौदा आणि साताचा अर्धा साडेतीन. पाठांतराने मी दुकानात झटपट हिशेब केला, ते खरं. पण गणित मला भीतीचंच वाटत राहिलं, तेही खरं.

दोन, “चुका डोळ्यांसमोर राहिल्या तर त्याच पक्क्या होतील.” याचं उत्तर जरा सविस्तर द्यावं लागेल. चूक तशीच सोडायची, असं मी कुठेच म्हटलेलं नाही. रोजकीर्दीत दुरुस्तीची नोंद पडल्याशिवाय विषय संपत नाही, तसंच इथे. फरक एवढाच की आधीची नोंद जागेवर राहते. आणि ती राहिली म्हणजे काय दिसतं, त्याचा दाखला देते. सुरुवातीच्या महिन्यात मी संख्या बोलायची आणि ती लिहायची. सत्तावन्न म्हटलं तर ७५. अडुसष्ट म्हटलं तर ८६. एकेकटं पाहिलं असतं तर मी “लक्ष कुठे आहे तुझं?” म्हणून ओरडले असते. पण पंधरा दिवसांची पानं एकाखाली एक होती आणि प्रत्येक चूक एकाच जातीची होती. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी. पोर बिचारी जसं ऐकेल त्याच क्रमाने लिहीत होती. लक्ष नको तितकं होतं!

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ असं वाचन आलं होतं. केवढा गदारोळ झाला आठवतो? मीही व्हॉट्सॲपवर चार विनोद पुढे पाठवले होते. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या की मुलांना सोपं जावं म्हणून हे आहे, पण ऐकतंय कोण! तो बदल मला आजही सगळा पटतो असं नाही, सत्तावन्न हा शब्द मला सोडवत नाही. पण त्यांनी मुलांची जी अडचण पाहिली होती ती खरी होती, आणि ती मला माझ्याच नातीच्या न खोडलेल्या वहीत दिसली. नातीने स्वतःपुरता नियम लिहून ठेवला, ‘मराठीत मागचा आकडा आधी बोलतात’. पुढच्या आठवड्यात एकोणसाठला तो मोडला. मग लिहिलं, ‘एकोण म्हणजे एक कमी. पुढच्या दशकातून.’ आणि त्याखाली एक प्रश्न : ‘८९ ला एकोणनव्वद, मग ९९ ला एकोणशंभर का नाही? नव्व्याण्णव का?’ साठ वर्षं मराठी बोलते आहे, माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मी तिला भाषा शिकवत होते की ती मला, देव जाणे.

तीन, “एवढं लिहायला वेळ कुठून आणायचा?” पंधरा मिनिटं लागतात. एका दिवशी एकच प्रश्न. ज्या पोराला अजून लिहिता येत नाही त्याने बोलावं आणि आईने त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावं, भाषा न सुधारता. ‘दोन-दोन दोनदा’ म्हणालं तर तसंच लिहा. चित्र काढलं तर तेही गणितच. आम्ही डावं पान माझ्यासाठी ठेवलं आहे. तिथे मी बरोबर-चूक अशी खूण करत नाही. फक्त प्रश्न लिहिते : हे तुला कसं कळलं? दुसऱ्या रीतीने येईल का? तुझ्या धाकट्या भावाला कसं सांगशील? लाल पेन घरातून काढून टाकलं आहे. सुंदर अक्षरासाठी वेगळी वही आहे, तिच्यात हवा तेवढा थाट करावा.

आणि चौथा, जो मला जिव्हारी लागला. मंडळातल्या एका ज्येष्ठ बाई म्हणाल्या, “अशा चुका दाखवत बसायच्या म्हणजे मुलाचा अपमानच की.” त्यांना मी महावीराचार्यांचं उदाहरण दिलं. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमारास, आपल्या या आचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. धर्मकार्यापासून स्वयंपाकापर्यंत, वैद्यकापासून नाटकापर्यंत कशालाही गणिताशिवाय चालत नाही, असं सुरुवातीलाच सांगणारा हा ग्रंथ. हिंदी अनुवादासह तो आपल्या सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने १९६३ साली प्रसिद्ध केला आहे. त्यात हारासारखे दिसणारे गुणाकार आहेत. १३९ ला १०९ ने गुणा, १५१५१ येतात. १५२२०७ ला ७३ ने गुणा, आठ एकं ओळीने उभी राहतात. नातीने दोन्ही करून पाहिले आणि उत्तराला खरोखर मोत्यांची माळ काढली. ऋण संख्येला वर्गमूळ नसतं, कारण ती कशाचाच वर्ग नाही, हेही त्यांनी त्या काळी स्पष्ट लिहिलं.

आणि त्याच ग्रंथात त्यांनी असंही म्हटलं आहे की एखाद्या संख्येला शून्याने भागलं तर ती संख्या तशीच राहते. आजच्या गणिताला हे मान्य नाही. तीनशे वर्षांनी भास्कराचार्यांनी अशा राशीला ‘खहर’ असं वेगळं नाव दिलं, वाद पुढेही चालला. पण आपल्या लोकांनी आचार्यांचं ते वाक्य पोथीतून खरडून काढलं नाही. नकला करणाऱ्यांनी ते जसंच्या तसं उतरवलं, म्हणून आज कळतं की शून्याबद्दलचा विचार कुठून कुठे आला. हे सांगण्यात मला अविनय वाटत नाही. उलट खोडून ठेवलं असतं तर तो अविनय झाला असता. बाई काही बोलल्या नाहीत. पटलं असेल असं नाही, पण पुढच्या वेळी त्यांनी नातीची वही स्वतःहून मागून घेतली.

तेव्हा ज्या घरी मुलांना शिकवत आहात त्यांना माझं सांगणं आहे की पाहुण्यांना वही दाखवणं बंद करा. दाखवायचीच असेल तर रेघ मारलेलं पान उघडून दाखवा आणि मुलाला विचारा, “हे काय झालं होतं सांग काकूंना.” जे मूल ते सांगेल, त्याला गणित येतं. जे मूल वही ओढून घेईल, त्याच्या हातातलं रबर आधी कुणी चालवलं ते आठवून पाहा.

मागच्या महिन्यात मी नातीला शून्याने भागायला दिलं होतं. आचार्यांचं काही सांगितलं नव्हतं, नुसता प्रश्न. तिने लिहिलं : ‘१२ लाडू ० मुलांना वाटले. कुणी आलंच नाही. १२ डब्यात राहिले. उत्तर १२.’ मला हसू आवरेना. साडेअकराशे वर्षांपूर्वीचं उत्तर, आमच्या जेवणघरात! मी डाव्या पानावर एवढंच लिहिलं, ‘प्रत्येकाला किती मिळाले?’

दोन दिवस ते पान तसंच होतं. तिसऱ्या दिवशी तिने १२ वर एक रेघ मारली, आकडा वाचता येईल अशी, आणि खाली लिहिलं : ‘प्रत्येक कुणी नाहीच. भागाकार म्हणजे परत परत काढणं. १२ मधून ० काढले, १२. परत काढले, १२. कितीही वेळा काढा, संपत नाही. आज उत्तर लिहीत नाही.’ आणि खाली तारीख.